पहिल्या वर्षी दोनच हजार

चिरंजीवास सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा आराखडा मिळाला. वाघोलीच्या पुढे मोकळ्या रानात इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा महोत्सव भरवायचा, पहिल्याच वर्षी चार स्टेज आणि दहा हजार पास, असा तुझा बेत आहे. तुझी उमेद मला मनापासून आवडली. तरीही पंचवीस वर्षे साउंडच्या धंद्यात काढलेला माणूस म्हणून सांगतो, पहिल्या वर्षी एकच स्टेज घे आणि दोन हजारांच्या वर एकही पास विकू नकोस.

बेल्जियममधील बूम गावी २००५ साली सुरू झालेला टुमॉरोलँड हा असाच महोत्सव पहिल्या वर्षी एका दिवसाचा होता आणि त्याला दहा हजारांच्या आसपास माणसे आली होती. आज तो दोन शनिवार-रविवारांच्या सत्रांत मिळून सुमारे चार लाखांचा झाला आहे. २०२५ च्या जुलैमध्ये, उद्घाटनाला दोन दिवस उरले असताना, त्याचे मुख्य स्टेज जळून खाक झाले आणि तरी महोत्सव ठरल्या तारखेला सुरू झाला. वीस वर्षे एकमेकांच्या हाताखाली तयार झालेली माणसे असल्याशिवाय हे होत नाही, असे मी मानतो, आणि अशी माणसे पहिल्या वर्षी पैसे मोजूनही मिळत नाहीत.

आपल्याकडचे उदाहरण तुला ठाऊकच आहे. सनबर्न २००७ च्या डिसेंबरमध्ये गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झाला, २०१६ मध्ये तो आपल्या केसनंदला आला, पुढची दोन वर्षे लवळ्याकडे भरला आणि २०१९ मध्ये पुन्हा गोव्यात गेला. एवढ्या मोठ्या महोत्सवालाही पुण्याच्या आसपास कायमचा मुक्काम करता आला नाही, ही गोष्ट जमीन पाहताना ध्यानात ठेव.

आता आवाजाकडे येतो, कारण तुझ्या आराखड्यात त्याला एकच ओळ मिळाली आहे. ध्वनी एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे स्टेजपासून शंभर मीटरवर उभ्या असलेल्या मुलाला ठोका जवळजवळ ०.३ सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२८ ठोक्यांच्या हाउस संगीतात दोन ठोक्यांमधले अंतर अर्ध्या सेकंदाहूनही कमी असते. मागचे डिले टॉवर, म्हणजे मागच्या गर्दीसाठी उभे केलेले आणि आवाज जरा उशिराने सोडणारे स्पीकर, त्या हिशेबाने लावले नाहीत, तर मागच्या गर्दीला प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो, पाय अडखळतात आणि अर्ध्या तासात माणसे खाण्याच्या स्टॉलकडे वळतात. डीजे वाईट वाजवतो, असे त्यांना वाटते. अशी गर्दी पुढच्या वर्षी परत येत नाही.

दुसरा प्रश्न शेजाऱ्यांचा. मी नवखा असताना शहराबाहेरच्या एका कार्यक्रमात सगळे सब, म्हणजे बेसचा खोल दणका देणारे मोठे स्पीकर, गावाच्या दिशेला तोंड करून लावले होते. रात्री साडेनऊच्या सुमारास एक आजी बांधावरून चालत आल्या आणि काही न बोलता मला त्यांच्या घरी घेऊन गेल्या. मांडणीवरची स्टीलची ताटे एकमेकांवर थरथरत होती आणि आतल्या खोलीत तान्हे मूल रडून रडून लाल झाले होते. गाण्यातला एकही शब्द तिथे पोहोचत नव्हता, फक्त बेस पोहोचत होता, कारण तो भिंतींना जुमानत नाही. त्या दिवसापासून मी काही सब उलटे फिरवून आणि त्यांना नेमका डिले देऊन मागे जाणारा बेस मारून टाकतो. यात थोडा खर्च वाढतो. शिवाय कार्यक्रमाआधी आठ दिवस आवाज मोजायचे मीटर घेऊन प्रत्येक वस्तीत स्वतः उभे राहिल्याशिवाय मी कुठलाही कार्यक्रम घेत नाही. तूही तसेच कर, आणि ग्रामपंचायतीचा दाखला घ्यायला माणूस न पाठवता स्वतः जा.

रात्री दहाची मर्यादा तू गृहीत धरलेली दिसत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, आणि सवलत द्यायचीच झाली तर वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस, तीही मध्यरात्रीपर्यंतच. १९५३ साली पंडित भीमसेन जोशींनी सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवालाही आपल्या रात्रभराच्या बैठका याच नियमांपुढे सोडाव्या लागल्या. ते दुःख मी जवळून पाहिले आहे. तरीही सवाईचा श्रोता हटला नाही, तो दुपारपासून येऊन बसू लागला. तुझे मुख्य सत्रही सूर्यास्ताला सुरू कर आणि पावणेदहाला बेस हळूहळू उतरव, म्हणजे गर्दी एकदम फाटकाकडे धावणार नाही. नगर रस्त्यावर त्या वेळी काय अवस्था असते, ते वेगळे सांगायला नको.

पाणी फुकट ठेव. स्वच्छतागृहांचा आकडा दुप्पट कर. तुझ्या आराखड्यातल्या परदेशी डीजेचे मानधन एवढे आहे की त्यातून या दोन्ही गोष्टी होऊन पुण्यातलेच चार चांगले डीजे येतील, आणि त्यांचे मित्र तुझा पहिला श्रोतृवर्ग होतील.

जमिनीचा करार करण्यापूर्वी एका संध्याकाळी मला तिकडे ने. मीटर मी आणतो. तू फक्त एक सब आणि जनरेटर टेम्पोत घालून आण, म्हणजे सर्वांत जवळच्या घराच्या ओट्यावर बसून आपण ऐकू.

तुझा,
काका