पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी नॉर्मल होती, तरी बाळात जन्मजात दोष कसा निघाला?

तुम्ही लिहिलंय की बहिणीचा विसाव्या आठवड्यातला ॲनॉमली स्कॅन (बाळाचे अवयव बघणारी सोनोग्राफी) नॉर्मल होता, जन्मल्यावरही बाळ ठीक आहे असंच सांगितलं गेलं, आणि दीड महिन्यात दोन गोष्टी निघाल्या: तोंडातल्या टाळूला मागच्या बाजूने फट आणि हृदयात छिद्र. सोनोग्राफी करणाऱ्याने हलगर्जी केली का, आणि तुमच्या पत्नीला आता चौथा महिना लागलाय तर स्कॅनवर भरवसा ठेवायचा का, असं तुम्ही विचारताय. शिवाय बहीण सातव्या महिन्यात असताना ग्रहण लागलं होतं, तो विषय आई सोडत नाहीत.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. सोनोग्राफीत जे निसटतं ते पुढे आमच्याकडेच येतं, त्यामुळे त्या बाजूने सांगतो.

ग्रहणाचं आधी उरकू. टाळूच्या दोन बाजू एकमेकींना जुळतात त्या तिसऱ्या महिन्यात. हृदयाचे कप्पे तर त्याच्याही आधी पडतात. सातव्या महिन्यात तुमच्या बहिणीने विळी हातात धरली की नाही, याचा त्या फटीशी काही संबंध नाही. हे आईंना सांगा, आणि बहीण तिथे बसलेली असताना सांगा. तिने हे ऐकणं जास्त गरजेचं आहे.

आता हलगर्जीचं. रिपोर्ट आणि फिल्म न पाहता कुणाला दोषी किंवा निर्दोष ठरवणार नाही. पण हे दोन दोष असे आहेत की चांगल्या मशीनवर, चांगल्या हातांनी केलेल्या स्कॅनमध्येही ते निसटतात. ओठ फाटलेला असेल तर दिसतो. ओठ अखंड आणि फट फक्त मागच्या मऊ टाळूला असेल, तर समोर जबड्याच्या हाडांची सावली पडते आणि जीभ टाळूला चिकटलेली असते. एकट्या टाळूची फट बहुतेक वेळा जन्मल्यावरच कळते.

हृदयातल्या छिद्राचं कारण वेगळं आहे. पोटात असताना बाळाची फुफ्फुसं श्वासाचं काम करत नाहीत, त्यामुळे हृदयाच्या उजव्या आणि डाव्या बाजूचा दाब जवळपास सारखा असतो. दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला लहान छिद्र असलं तरी त्यातून रक्त जोरात इकडून तिकडे जातच नाही, मग रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणाऱ्या कलर डॉपलरवर दिसणार काय? जन्मानंतर काही दिवसांत-आठवड्यांत फुफ्फुसांतला दाब उतरतो, तेव्हा रक्त त्या छिद्रातून घुसायला लागतं आणि स्टेथोस्कोपला मर्मर, म्हणजे रक्ताचा जादा आवाज, ऐकू येतो. म्हणून पहिल्या दिवशी 'हृदय ठीक' आणि सहाव्या आठवड्यात 'छिद्र आहे' ही दोन्ही वाक्यं खरी असू शकतात. अशी लहान छिद्रं पुष्कळदा पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआप बुजतात. आणखी एक गंमत: वरच्या दोन कप्प्यांमधली खिडकी आणि महाधमनीला फुफ्फुसाच्या धमनीशी जोडणारी नळी प्रत्येकच गर्भात उघडी असते, तिच्याशिवाय तो जगणार नाही. ती जन्मानंतर बंद झाली नाही तरच दोष. असा दोष पोटात शोधणार कसा?

काही दोष तर विसाव्या आठवड्यात दिसण्याइतके झालेलेच नसतात. लहान आतड्याची सुरुवात बंद असेल तर पोटात पाण्याचे दोन फुगे दिसतात, पण ते बहुधा चोविसाव्या आठवड्यानंतर. खुजेपणाच्या एका नेहमीच्या प्रकारात मांडीचं हाड वाढीत मागे पडतं तेही त्याच सुमारास. शीची जागा बंद असणं सोनोग्राफीत क्वचितच पकडलं जातं. बहिरेपणा, थायरॉइडची कमतरता, मतिमंदत्व यांना तर आकारच नाही, ते दिसणार नाहीत. उलट कवटीची वरची बाजूच न बनणं अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातही जवळपास नेहमी कळतं. पाठीच्या कण्यातली फट बऱ्याचदा कण्याआधी डोक्यात सापडते: कवटी पुढून लिंबासारखी चिंबते आणि लहान मेंदू केळ्यासारखा वाकतो. ही खूण 1986 मध्ये नोंदली गेली आणि कण्यातली फट शोधण्याचं काम एकदम सोपं झालं. म्हणजे 'नॉर्मल' या शब्दाचं वजन प्रत्येक अवयवासाठी वेगळं असतं. रिपोर्टच्या तळाशी छापलेल्या 'सर्व दोष या तपासणीत दिसतीलच असे नाही' या ओळीकडे लोक वकिली वाक्य म्हणून बघतात, पण वैद्यकीयदृष्ट्या ती अक्षरशः खरी आहे.

माझा खरा आक्षेप जन्मानंतरच्या तपासणीवर आहे. सोनोग्राफीसाठी आपण शहर गाठतो, फोर-डीचे पैसे मोजतो, आणि जन्मलेलं बाळ मात्र 'रडलं ना, वजन किती' एवढ्यावर घरी आणतो. मऊ टाळूची फट बोटाने चाचपून हुकू शकते. जीभ दाबून, टॉर्च मारून पडजिभेपर्यंत बघावं लागतं. त्याला मिनिटही लागत नाही. दूध नाकातून येतंय अशी तक्रार असेल तर हे बघायलाच हवं. चोवीस तासांनंतर उजव्या हाताला आणि एका पायाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर लावतात. दोन्ही वाचनं 95 टक्के किंवा वर आणि दोघांतला फरक 3 पेक्षा जास्त नाही, तर पास. यातून तुमच्या भाच्यासारखं छिद्र सापडत नाही, पण नळी बंद होताच बाळ निळं पडतं असे जीवघेणे दोष सापडतात. (कोविडात घरोघरी आलेला बोटाचा चिमटा बाळाला चालत नाही, त्याचा प्रोब वेगळा असतो.) याशिवाय बघायचं ते असं: डोळ्यात प्रकाश टाकून लाल झळाळी येते का, म्हणजे मोतीबिंदू नाही ना, मांडीचे सांधे, शीची जागा, मुलगा असेल तर लघवीची धार, कानांची ओएई (ऐकू येतं का बघणारी) तपासणी, आणि 48 ते 72 तासांत टाच टोचून थायरॉइडसाठी रक्ताचे थेंब. थायरॉइडची कमतरता दोन आठवड्यांच्या आत सापडली तर रोजच्या एका गोळीवर मूल हुशार वाढतं, सहा महिन्यांनी सापडली तर मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही. सगळे दोष धरले तर दर शंभर बाळांमागे दोन-तीन बाळांत काहीतरी मोठं निघतं, त्यामुळे ही तपासणी 'असंच एकदा बघून घ्या' या सदरातली नाही.

भाच्याबद्दल एक गोष्ट मात्र तुम्ही विचारली नाहीत आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. टाळूची फट एकटी असती तर मी थांबलो असतो, हृदयातलं छिद्र एकटं असतं तरी थांबलो असतो. दोन्ही एकाच बाळात आहेत, तेव्हा बाविसाव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला आहे का, हे तपासायला हवं. काही हजार बाळांमागे एकाला असं असतं. अशा मुलांत रक्तातलं कॅल्शियम घसरून झटके येऊ शकतात, प्रतिकारशक्ती कमी असू शकते, पुढे बोलणं नाकात येतं. म्हणून बहिणीला सांगा: बाळाचं कॅल्शियम आत्ताच तपासून घ्या, आणि जनुकतज्ज्ञांकडे जाऊन फिश किंवा मायक्रोॲरे या गळालेला तुकडा शोधणाऱ्या तपासण्यांबद्दल विचारा. टाळूची शस्त्रक्रिया साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान होते. तोवर बाळाला उभं धरून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा आणि कानांवर लक्ष ठेवा, या मुलांच्या कानात पाणी साठतं. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नाव नोंदवा. ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ही केंद्रं चालतात तो 2013 मध्ये आपल्या पालघरहूनच सुरू झाला.

आता तुमच्या घरचं. डबल मार्कर या आईच्या रक्ताच्या चाचणीची वेळ गेली असेल तर क्वाड्रपल मार्कर किंवा एनआयपीटी ही रक्ताचीच चाचणी अजून होऊ शकते. दोन्ही डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या गडबडीची शक्यता सांगतात, निदान करत नाहीत. निदानासाठी गर्भजल काढावं लागतं. रक्ताची चाचणी झाली म्हणून स्कॅन टाळू नका, ती हृदय-टाळू बघत नाही. स्कॅन अठराव्या-एकोणिसाव्या आठवड्यातच उरकून घ्या. काही शंका निघाली तर गर्भजल, फीटल इको (गर्भाच्या हृदयाची खास सोनोग्राफी), दुसरं मत यांना आठवडे लागतात. 2021 पर्यंत गर्भपाताचा कायदा विसाव्या आठवड्यालाच दार लावायचा. 2008 मध्ये गर्भाच्या हृदयात गंभीर दोष सापडलेलं एक दांपत्य मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं, त्यांना गर्भपाताची परवानगी मिळाली नाही. आता गंभीर दोष असेल तर चोवीस आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकतं, पण त्या वाटेने जायची वेळ आलीच तर प्रत्येक आठवडा जड जातो.

भाच्यामुळे तुमच्या बाळाचा धोका वाढतो का? त्याची गुणसूत्र-तपासणी नॉर्मल आली तर नगण्य. तुकडा गळालेला निघाला तरी दहापैकी नऊ वेळा तो त्या मुलातच नव्याने घडलेला असतो. तेव्हा बहीण आणि मेहुण्यांचं रक्त तपासतात. मेहुण्यांत सापडला तर तुमचा संबंध संपला. बहिणीत सापडला तरच तुमची स्वतःची चाचणी, आणि तुमच्यात निघाला तर बाळात यायची शक्यता निम्मी. म्हणून हा रिपोर्ट तुमच्या स्कॅनच्या आधी हातात आला तर उत्तम. नाही आला तरी सोनोग्राफी सुरू होण्याआधीच सोनोलॉजिस्टना भाच्याची हकीकत सांगा आणि बावीस ते चोवीस आठवड्यांत फीटल इको करून घ्यावा का, हे त्यांनाच विचारा.