यंत्रमाग, रान आणि नंदीध्वज: भावासाठी पाऊल निवडताना

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ ३४ वर्षांचा, अपघातात उजवा पाय गुडघ्याखाली गेला, काम यंत्रमागावर, सुट्टीला मोहोळकडचं रान. त्याला 'सगळ्यात भारी' कृत्रिम पाऊल कोणतं, आणि कार्बन फायबरचं घेतलं तर जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत पुन्हा नंदीध्वज (मिरवणुकीतली उंच, जड काठी) धरता येईल का, असं विचारलंय. मी सोलापुरात एकवीस वर्षं कृत्रिम पाय बनवतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक काम करा. भाऊ सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत पायाने काय काय करायचा ते वहीत लिहून काढा. किती तास उभा, किती वेळा जमिनीवर बसणं-उठणं, कुठे अनवाणी, कुठे चिखल. पाऊल त्या यादीवरून ठरतं, किमतीवरून नाही.

आता मागाचं बघा. माणूस तिथे फार चालत नाही. दोन मागांच्या मधल्या बोळात उभा असतो, तुटलेला धागा सांधतो, धोट्यात कांडी घालतो, जागच्या जागी वळतो. कार्बनचं पाऊल स्प्रिंगसारखं असतं. अंगाचा भार पुढे गेला की पट्टी वाकते आणि पाय उचलताना तो जोर परत देते. अमेरिकेत व्हॅन फिलिप्स यांनी ते १९८४ साली आणलं, त्यांचा स्वतःचा पाय गुडघ्याखाली गेलेला होता. लांब ढांगा टाकत भरभर चालणाऱ्याला त्याचा खरा फायदा. अर्ध्या पावलाच्या हालचालीत ती पट्टी वाकतच नाही, मग जोर परत कुठून मिळणार? उलट जागच्या जागी वळताना पाऊल फिरलं नाही, तर तो पीळ सॉकेटमधून (उरलेला पाय ज्या कपात बसतो तो भाग) थेट स्टम्पच्या, म्हणजे त्या उरलेल्या पायाच्या, कातडीवर येतो. संध्याकाळी कातडी सोललेली दिसते ती बऱ्याचदा यामुळेच. त्याला घोट्यात सगळ्या बाजूंनी थोडं हलणारं पाऊल हवं.

जमिनीवर बसणं हा वेगळा विषय आहे. साधं सॅच पाऊल, म्हणजे आत लाकडाचा कणा आणि टाचेत मऊ फोम, घोट्यात वाकत नाही. उकिडवं बसायला घोटा बराच वाकावा लागतो, मांडी घालताना पावलाची बाहेरची कड जमिनीवर दबते. जयपूरला १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी नेमकं हेच हेरलं. बूट घालायला लावणारे पाय लोक घरी नेऊन कोपऱ्यात ठेवत होते, कारण त्यांना रानात पाण्यात उभं राहायचं होतं, मांडी घालून जेवायचं होतं. म्हणून स्पंज रबराचे ठोकळे, वर सलग रबराचं कातडं, अनवाणी चालेल असं पाऊल आलं. आपल्या काळ्या मातीच्या चिखलातून आलं की धुऊन पुसायचं, झालं. वजन थोडं जास्त आणि हाताने बनत असल्याने सगळेच नग सारखे निघत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. तरी भावाच्या यादीला मी रोजसाठी हेच सुचवीन.

टाचेच्या उंचीकडे तर बहुतेकांचं लक्षच नसतं. टाच असलेल्या चपलेवर पाय जुळवला आणि घरी चप्पल काढली, की पाय मागे झुकतो, गुडघा मागे ढकलला जातो. महिनाभरात गुडघा दुखायला लागतो आणि दोष पावलाला दिला जातो. अनवाणी चालायचं असेल तर ते आधीच सांगा.

नंदीध्वजाबद्दल. कार्बनची पट्टी माणसाच्या वजनावर आणि तो किती धावपळ करतो त्यावर निवडतात. खांद्यावर भार आला की तीच पट्टी कमी पडते, म्हणून उचलायचं ओझंही मोजून सांगावं लागतं. माझं स्पष्ट मत, यंदा धरू देऊ नका. यंदा बाराबंदी (यात्रेतला पांढरा पारंपरिक अंगरखा) घालून नुसतं सोबत चालू द्या. पहिल्या वर्षी स्टम्प आटत जातो, सॉकेट सैल पडतं, स्टम्पवर घालायचे मोजे वाढवावे लागतात, आणि सैल सॉकेटमध्ये भार घेऊन तोल गेला तर आपल्याबरोबर इतरही पडतील. भावाला वाईट वाटेल, मला कळतं. पण सॉकेट बसल्यावर पुढच्या वर्षीचा विचार नक्की करू.

पैसे आधी सॉकेटवर खर्च करा. सॉकेट बदललं तरी चांगलं पाऊल काढून नव्याला लावता येतं.

ट्रायलला जाताना मागावरची चप्पल सोबत न्या. तिथल्या गुळगुळीत फरशीवर चार चकरा मारून हो म्हणू नका. खाली बसायला, उठायला, जागेवर वीस वेळा वळायला लावा, उतारावर चालवा. मग पाय काढून कातडी बघा. लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक, राहिली तर सॉकेट तिथे दाबतंय, लगेच दुरुस्त करून घ्या. यादी झाली की इथेच टाका, मी बघतो.