पात्यावरची खाच रक्तासाठी नसते

तुम्ही विचारलंय, मिशिगनमध्ये पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीला जाताना पात्यावर खाच असलेला चाकू घ्यावा की सपाट पात्याचा, आणि पोलाद कोणतं.

सपाट घ्या. खाचेला ‘ब्लड ग्रूव्ह’ म्हणतात, त्यातून रक्त वाहतं, हवा आत शिरते आणि रुतलेलं पातं सुटतं, असं सांगणारे भेटतील. याच वाक्यावरून मी बऱ्याच जणांशी वाद घातलाय. मांस मऊ असतं, ते खाचेतही दाबून बसतं; हवेला वाट उरतेच कुठे? शिवाय हा चाकू भोसकायचा नाहीच. हरीण पडल्यावर पोट उघडायला आणि कातडं सोलायला तो लागतो.

खाच शोभते तलवारीला. लांब पात्याच्या मधलं पोलाद काढलं की वजन बरंच उतरतं, ताठपणा फारसा जात नाही. सहा इंची चाकूचा हिशेब करा : खाच 10 सेंमी लांब, 5 मिमी रुंद, गोलसर तळाची, मधोमध 0.7 मिमी खोल, दोन्ही बाजूंना. निघालेलं पोलाद जेमतेम साडेतीन-चार ग्रॅम! बक 119 हा सहा इंची पात्याचा शिकारी चाकू दोनशे ग्रॅमच्या वर भरतो. हाताला काय फरक कळणार? ‘खाचेने पातं मजबूत होतं’ हेही चूक. वजनाच्या मानाने ताठ, इतकंच खरं. त्याच जाडीचं सपाट पातं जास्तच ताठ असतं.

खाचेत चरबी आणि रक्त वाळून बसतं, आणि 1095 सारख्या कार्बन पोलादावर तिथेच गंजाचे ठिपके पडतात. आधी गार पाण्याने धुवा, कारण कढत पाण्याने रक्त शिजून चिकटतं. मग कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. कोरडं करून खाण्यायोग्य मिनरल ऑइलचा हात फिरवा. चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं.

खाचेपेक्षा लांबी बघा. चार इंची, पाठीला 3 मिमी जाड पातं पुरतं. पोट उघडताना दोन बोटं कातड्याखाली घालून त्यांच्यामधून धार वर ठेवून चालवा, आतडं फुटलं तर मांस नासतं. श्वासनलिका छातीत हात घालून न बघता कापावी लागते. तिथे लांब टोक स्वतःच्याच हातात घुसतं.

घरात खाचेचा चाकू आधीच असेल तर टाकू नका, काम होईल. पोलाद? ओल्या हवेत 420एचसी हे सहसा न गंजणारं स्टेनलेस पोलाद कमी त्रासाचं. 1095 ला दगडावर धार झटकन येते, पण रोज पुसायची तयारी हवी.