मराठवाड्यात लहान गावांतल्या शर्यती बघायला कुठे जावं आणि वाटेत काय पाहावं?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून सुट्टीच्या दिवशी गाडी काढून लहान गावांतल्या मोटारींच्या आणि बाइकच्या शर्यती बघत फिरायची आवड आहे. मराठवाड्यात तसं काही मिळेल का, वाटेत काय बघावं आणि एका दिवसात जाऊन येणं जमेल का.

मी लातूरचा. दुचाकीच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, त्यामुळे कुठे काय पळणार आहे याची खबर गिऱ्हाइकांकडून आपसूक मिळते. गेली दहा-बारा वर्षं मी आणि माझा एक मित्र अल्टो घेऊन असल्या गोष्टींच्या मागे फिरतोय.

आधी वाईट बातमी. मराठवाड्यात मोटार शर्यतींचा मान्यताप्राप्त, कायमचा ट्रॅक नाही. गंमत म्हणजे छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला बजाजच्या दुचाकी 1985 पासून तयार होतात, शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी 2001 पासून. गाड्या इथं बनतात आणि पळायला कोइंबतूर, चेन्नई नाहीतर ग्रेटर नोएडाला जातात. आम्हा लातूरकरांना मोठी शर्यत जवळून बघायला मिळाली ती हैदराबादला, 11 फेब्रुवारी 2023 रोजी, हुसेनसागरच्या काठी, विजेवर चालणाऱ्या फॉर्म्युला ई गाड्यांची. जाताना बिदरचा किल्ला बघितला. खरं सांगायचं तर त्या सहलीतला बिदरच जास्त लक्षात राहिलाय, कारण शर्यतीत जाळीपलीकडून एक शिट्टीसारखा आवाज जायचा आणि गाडी कुठली होती हे कळायच्या आत दुसरी यायची. पुढच्या वर्षीची शर्यत रद्द झाली.

मग आमच्याकडे आहे काय? तीन गोष्टी. मातीच्या ट्रॅकवर बाइक उडवण्याचे कार्यक्रम अधूनमधून होतात, पण त्यांचा भरवसा नाही. दुसरी, जत्रेतली ट्रॅक्टर रिव्हर्स स्पर्धा. आणि तिसरा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. तुम्ही म्हणाल, मी इंजिनाचं विचारलं होतं. एक पट बघा, मग बोलू.

ट्रॅक्टर रिव्हर्सचं आधी सांगतो, कारण ती तुमच्या पठडीतली आहे. रिकाम्या शेतात फक्कीनं रेषा आखतात, दोन्ही बाजूंना झेंड्या लावलेले बांबू रोवतात आणि ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून त्या वाटेनं उलटं जायचं. बांबूला धक्का लागला की बाद, कमी वेळ लावणारा जिंकला. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण ट्रॉली मागे घेताना स्टिअरिंग ज्या बाजूला वळवाल त्याच्या उलट बाजूला ट्रॉलीचं शेपूट जातं. दोन चाकांच्या ट्रॉलीला हे एवढंच गणित असतं. चार चाकांच्या ट्रॉलीचा पुढचा आससुद्धा फिरता असतो, म्हणजे दोन ठिकाणी मोडणारी वस्तू मागे ढकलत न्यायची. औसा तालुक्यातल्या एका गावात अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं बघितलं मी. सीटवर अर्धवट वळून बसलेलं, उजवा हात स्टिअरिंगवर, डावा मडगार्डवर टेकलेला, नजर पूर्ण वेळ ट्रॉलीच्या मागच्या डाव्या चाकावर. ब्रेकला त्यानं पाय लावलेला मला तरी दिसला नाही, सगळं क्लचवर. त्याच्या आधीच्या अनुभवी ड्रायव्हरची ट्रॉली दुसऱ्याच वळणावर काटकोनात मोडली होती आणि लोक खो-खो हसले होते. पोरगं शेवटच्या बांबूजवळून बोटभर अंतर ठेवून बाहेर पडलं, तेव्हा कुणी हसलं नाही. उसाच्या हंगामात कारखान्याच्या रांगेत शिकलो म्हणाला. (सांगलीजवळ हरिपूरच्या जत्रेत रिक्षा अशाच उलट्या पळवतात. तो तुमच्या बाजूचा मामला, जमल्यास तोही बघा.)

आता पट. पुण्याकडचा बैलगाडा तुम्ही पाहिला असेल: घाट, चार बैल, पुढे घोडी, भंडारा उधळत पळणारी माणसं. आमचा शंकरपट वेगळा. सपाट रान, दोन बैल, एक हलकी छकडी आणि तिच्यावर एकच माणूस. जोडी सुटल्यापासून पोचेपर्यंत दहा सेकंदही लागत नाहीत. पूर्वी हातात घड्याळ घेतलेला पंच असायचा आणि दर तिसऱ्या जोडीला भांडण. आता शेवटच्या रेषेवर दोन्हीकडे सेन्सरचे खांब असतात, बैलांनी मधला किरण तोडला की घड्याळ थांबतं आणि लाल आकड्यांत सेकंदाचा शंभरावा भागसुद्धा दिसतो. भांडणं संपली असं नाही. आता ती सेन्सर कसा बसवला यावरून होतात.

बैल बहुतेक खिल्लार. आमच्या मातीतली गुरं म्हणजे देवणी आणि लाल कंधारी, पण ती औताची आणि दुधाची, पटात क्वचित दिसतात. तरी उदगीर-देवणीकडे आलात तर देवणी ओळखायला शिका: पांढऱ्या अंगाचा नि काळ्या तोंडाचा वानेरा, काळ्या-पांढऱ्या ठिगळांचा शेवेरा, आणि जवळजवळ पूर्ण पांढरा बाळंक्या. कुणाच्या गोठ्यापुढे थांबून "हा वानेरा ना?" एवढं म्हणून बघा, चहा आल्याशिवाय सुटका नाही.

मी पहिल्यांदा पटात एकटाच उभा होतो तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "बैल बघायलाव का घ्यायलाव?" म्हटलं, नुसतं बघायलो. ते म्हणाले, "मग पळताना बघू नका, पळून आल्यावर बघा." तेव्हापासून मी रेषेच्या पलीकडे जाऊन उभा राहतो. जोडी थांबवायला चार-पाच जण वेसणीला लोंबकळलेले असतात, बैलांच्या नाकातून वाफ निघत असते आणि मालक त्यांच्या तोंडावरून हात फिरवत असतो. कोणाचा बैल त्या हाताला मान देतो आणि कोणाचा दचकून मागे सरतो, ते तिथं दिसतं. दचकणारे मी दोन-तीनदा पाहिले आणि त्या गावात परत गेलो नाही.

कायद्याचंही माहीत असू द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2014 च्या निकालानं या शर्यती बंद झाल्या. 16 डिसेंबर 2021 रोजी महाराष्ट्राला अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. आयोजकाला प्रशासनाची परवानगी काढावी लागते, चाबूक-काठी चालत नाही, बैलांची तपासणी व्हावी लागते. आयोजकाला फोन कराल तेव्हा पहिलं विचारा: परवानगी हातात आलीय का? "येतीय, येतीय" असं उत्तर आलं तर ती आलेली नाही.

हे मी शिकलो ते पेट्रोल जाळून. एकदा मोबाइलवर हँडबिल आलं: भव्य शंकरपट, पहिलं बक्षीस 51,000, सकाळी 9 वाजता उद्घाटन. आम्ही साडेआठला निलंगा रस्त्यानं गावात पोचलो तर रानात फक्की मारलेली, मंडप अर्धा उभा, आणि पोलिसांची गाडी. परवानगी नाही म्हणून पट रद्द. पाच-पंचवीस टेम्पोंतून बैल आलेले, ते तसेच परत चालले होते. मित्र वैतागून घरी निघायचं म्हणत होता. येताना खरोसा लेण्यांची पाटी दिसली होती, म्हटलं निदान तेवढं करू.

आणि तो दिवस वसूल झाला. लातूरपासून जेमतेम 45 किलोमीटरवरची ही लेणी मी चाळीस वर्षांचा होईपर्यंत पाहिली नव्हती, याची लाज वाटली. टेकडीच्या कडेला ओळीनं खोदलेली, साधारण सहाव्या शतकातली. दगड वेरूळसारखा टणक काळा नाही, तांबूस आणि सच्छिद्र, त्यामुळे शिल्पं पार झिजलीत. सकाळचं ऊन तिरकं आत येतं तेव्हा भिंतीवर आधी काहीच नसतं, मग हळूहळू खांदा दिसतो, मग मुकुट, आणि मग लक्षात येतं की अख्खी भिंत रामायण-महाभारतातल्या प्रसंगांनी भरलीय. अकरानंतर गेलात तर नुसत्या खडबडीत भिंती दिसतील.

त्या दिवसापासून आमचा नियम उलटा झाला. आधी बघायची जागा ठरवायची, मग तिच्या आसपास कुठे काही पळतंय का ते शोधायचं. तसंही 9 चं उद्घाटन पुढारी आल्याशिवाय होत नाही, आणि पुढारी बारापर्यंत येत नाहीत. सकाळ तुमचीच असते.

या हिशेबानं तुमच्यासाठी पहिला रस्ता तोच: लातूर, औसा, खरोसा, निलंगा. औशाचा किल्ला लांबून दिसतच नाही, कारण तो आजूबाजूच्या रानापेक्षा खोलगट जागी आहे. खंदकाजवळ आल्यावर एकदम तटबंदी समोर येते. निलंग्याचं नीळकंठेश्वर मंदिर तीन गाभाऱ्यांचं आहे, बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्तींसाठी तासभर ठेवा. निलंगा राईस तिथंच खा, इतर गावांत त्या नावानं जे देतात तो साधा मसालेभात असतो. किल्लारी याच बाजूला आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात जुनं गाव गेलं, तिथं आता स्मृतिस्थळ आहे. तिकडे सहल म्हणून नका जाऊ; जायचं तर थोडा वेळ शांत उभं राहायला जा.

परतीला सोलापूरकडे निघालात तर वाटेत उजनी लागेल. धरणाची उजनी नव्हे, औसा तालुक्यातली. तिथली बासुंदी घ्या, आणि गाडी चालवणाऱ्याला एकच वाटी द्या. आम्ही एकदा दोघांनी तीन-तीन खाल्ल्या आणि तुळजापूरच्या अलीकडे झाडाखाली दीड तास झोपलो. पुढे नळदुर्गला पाणीमहाल बघा, पण शर्यतींच्या हंगामात नर-मादी धबधबे बहुधा कोरडे असतात. व्हिडिओ बघून आलात तर निराश व्हाल.

दुसरा रस्ता नांदेडकडचा, आणि त्याला तारीख आहे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते, साधारण डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीत. तिथं घोडे बघायला जा. विकणारा घोडा फिरवून दाखवतो आणि घेणारा तोंडावरची रेषही हलू देत नाही, हा खेळ कुठल्याही शर्यतीपेक्षा कमी नाही. लाल कंधारी गुरंही तिथं एकत्र बघायला मिळतात. जवळच कंधारचा किल्ला आहे, राष्ट्रकूटांच्या काळाशी नातं सांगणाऱ्या गावातला. तिथल्या प्रचंड क्षेत्रपाल मूर्तीचे तुकडे बघा. नुसतं पाऊल बघून मूर्ती केवढी असेल याचा अंदाज करत बसायला होतं.

बाइकच्या शर्यतीचं दोन ओळींत: एफएमएससीआय या राष्ट्रीय संस्थेच्या वेळापत्रकात कार्यक्रम आहे का ते बघा. नसेल तर निदान ॲम्ब्युलन्स आणि प्रेक्षकांपुढे बॅरिकेड आहे का ते बघा. चालत्या रस्त्यावर पोरं बाइक पळवताहेत आणि लोक कडेला उभे आहेत, असं असेल तर गाडी थांबवूसुद्धा नका. माझ्या दुकानात त्या बाइकचे वाकलेले फोर्क येतात. कधी कधी बाइक येते, पोरगं येत नाही.

एका दिवसात पुण्याहून जमणार नाही. शुक्रवारी रात्री निघून लातूरला मुक्काम करा, शनिवार पूर्ण फिरा, रविवारी दुपारी परत. हंगाम दिवाळीनंतर रानं मोकळी होतात तसा सुरू होतो आणि चैत्रापर्यंत चालतो, पण मार्चनंतर बाराच्या उन्हात रानात उभं राहणं तुम्हाला झेपणार नाही. डिसेंबर-जानेवारीत या, हुरडाही मिळेल. घरच्या बायकांना आणणार असाल तर रानात स्वच्छतागृह नसतं, तेव्हा तालुक्याच्या गावी थांबून मगच पुढे जा. गाडी पटाच्या रानात आत घालू नका, बाहेरच तोंड रस्त्याकडे करून लावा. शेवटची जोडी पळाली की सगळे टेम्पो एकदम निघतात आणि मध्ये अडकलात तर बैल चढवून होईपर्यंत तुम्हीही तिथंच.