‘अनलिमिटेड’ होस्टिंग घेतलं, तरी खातं बंद केलं: कायदा कुठे साथ देतो, कुठे नाही

प्रश्न: मी विणकामाचे नमुने पीडीएफ करून स्वतःच्या वेबसाइटवरून विकते. सगळं एकटी सांभाळते, घर यावरच चालतं. ‘अनलिमिटेड’ अशी जाहिरात पाहून तीन वर्षांचे पैसे एकरकमी भरून शेअर्ड होस्टिंग घेतलं. चौदा महिने सुरळीत गेले. मग एका संध्याकाळी नवा नमुना विक्रीला आणला आणि साइटवर ‘५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड’ दिसू लागलं. दुसऱ्या दिवशी खातंच बंद. ‘तुम्ही सीपीयूचा अतिवापर केला, व्हीपीएस (सर्व्हरचा स्वतंत्र वाटा देणारा) प्लॅन घ्या’ असा मेल आला. बॅकअप मागितला तर म्हणतात, आधी अपग्रेड करा. उरलेल्या मुदतीचे पैसे द्यायलाही नकार. ही फसवणूकच ना? पोलिसांत जाऊ का? भरपाई मिळेल?

उत्तर: ताई, पत्रासोबत तुम्ही जोडलेला तो एक स्क्रीनशॉट नसता, तर माझं उत्तर बरंच पडेल आवाजात आलं असतं. खातं बंद होण्याच्या आदल्या रात्री सीपॅनलमधलं (खातं सांभाळायच्या नियंत्रण-पॅनलमधलं) ‘रिसोर्स यूसेज’चं पान उघडून तुम्ही ते टिपून ठेवलंत. तुमच्या प्रकरणाचा कणा तोच आहे, म्हणून आधी त्याच्याविषयी.

होस्टिंग म्हणजे वेबसाइट ठेवायला सर्व्हरवर भाड्याने घेतलेली जागा, आणि शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर कितीतरी खाती नांदतात. एकाने सगळा सर्व्हर अडवू नये म्हणून बऱ्याच कंपन्या क्लाउडलिनक्स नावाची प्रणाली वापरतात. ती प्रत्येक खात्याभोवती कुंपण घालते: सीपीयू किती, मेमरी किती, डिस्कवर वाचणं-लिहिणं किती वेगाने, एका वेळी किती प्रोसेस, एकूण किती फाइल. महत्त्वाचं हे की प्रत्येक मर्यादा गाठल्यावर दिसणारं लक्षण वेगळं असतं. सीपीयूची मर्यादा गाठली की साइट रखडते, पानं उशिरा उघडतात. मेमरी किंवा प्रोसेसची संख्या संपली तर बहुधा ५०० किंवा ५०३ ही त्रुटी येते. आणि ‘५०८’ येते ती एंट्री प्रोसेसची मर्यादा भरल्यावर, म्हणजे एकाच क्षणी पीएचपीसारखा कोड चालवायला लावणाऱ्या विनंत्या ठरलेल्या संख्येला भिडल्या की.

आता तुमचा स्क्रीनशॉट पाहा. एंट्री प्रोसेस २० पैकी २०, आणि त्यापुढे फॉल्टच्या, म्हणजे मर्यादेला किती वेळा धडक बसली त्याच्या, रकान्यात चार आकडी संख्या. सीपीयूची रेघ मात्र संध्याकाळभर मर्यादेच्या बरीच खाली. मेमरी निम्मीही वापरलेली नाही. कंपनीच्या मेलमध्ये कारण दिलंय सीपीयूच्या अतिवापराचं, आणि कंपनीचंच पान सांगतंय की भरली ती दुसरीच मर्यादा. ही विसंगती मी कंपनीला पाठवायच्या नोटिशीच्या पहिल्याच परिच्छेदात घालेन.

याहून मोठा मुद्दा पुढे आहे. कुंपण असतं ते शेजाऱ्याला झळ लागू नये म्हणून. एकविसावी विनंती आली, तिला ५०८ दाखवून परत पाठवलं, म्हणजे कुंपणाने आपलं काम चोख केलं. त्रास झाला तो तुमच्या गिऱ्हाइकांना, शेजारच्या खात्यांना नव्हे. मग सगळं खातं बंद करण्याची गरज काय होती? याचं सरळ उत्तर कंपनीला द्यावं लागेल. एक उत्तर तिच्याकडे असू शकतं, तेही सांगून ठेवते. डेटाबेसवर पडणारा भार या कुंपणात पूर्णपणे सामावत नाही, त्याच्यावर लक्ष ठेवणारी व्यवस्था वेगळी असते. तुमच्या दुकानाच्या प्लगिनने (साइटला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामने) डेटाबेसकडे जड क्वेरी, म्हणजे माहितीच्या मागण्या, टाकून सर्व्हर हैराण केला असेल, तर कंपनीची बाजू भक्कम होते. पण मग तसं सांगायला हवं होतं, तारीख आणि वेळेसकट.

२० ही संख्या ऐकून तुम्हाला वाटलं की एका वेळी फक्त वीस माणसं. तसं नाही. पान अर्ध्या सेकंदात तयार होत असेल तर २० एंट्री प्रोसेसमध्ये सेकंदाला चाळीस पानं निघतात. तेच पान तयार व्हायला चार सेकंद लागत असतील तर सेकंदाला फक्त पाच. चित्रं आणि साध्या फाइली यात सहसा मोजल्याच जात नाहीत. त्यामुळे समोरचा वकील विचारणार: तुमच्या साइटला कॅशिंग, म्हणजे एकदा तयार झालेलं पान साठवून तेच पुन्हा देण्याची सोय, होतं का? तुम्ही लिहिता, नव्हतं. हा तुमचा कच्चा दुवा आहे. तो आधीच ठाऊक असलेला बरा.

आता कायद्याकडे. मर्यादा घालणं बेकायदा नाही. ‘मान्य आहे’ या चौकोनात तुम्ही केलेली खूण करार ठरते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम १०अ सांगतं की करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणाने तो निष्प्रभ ठरत नाही. सेवाशर्तींत ‘अतिवापर झाल्यास सेवा थांबवू’ असं वाक्य आहे, ते मी वाचलं. म्हणून ‘मर्यादा असूच कशी शकते’ हा सूर नोटिशीत नको. तो पहिल्या सुनावणीलाच कोसळेल.

तक्रार करायची ती मर्यादा दडवल्याची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मध्ये सेवेतल्या त्रुटीची व्याख्या आहे, आणि ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणं हेही त्या व्याख्येत येतं. विक्रीच्या पानावर ‘अनलिमिटेड’ मोठ्या अक्षरांत होतं. २० हा आकडा तुम्हाला सीपॅनल उघडल्यावर, पैसे भरून झाल्यावर दिसला. अशा कंपन्यांचा नेहमीचा बचाव असतो की ‘अनलिमिटेड’ हा शब्द डिस्क आणि बँडविड्थपुरता आहे. जाहिरातीत तसं स्पष्ट लिहिलं होतं का, यावर बरंच अवलंबून राहील. ते पान आता बदललं असलं तर वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर) तुमच्या खरेदीच्या सुमाराची प्रत शोधा. तळाशी बारीक अक्षरांत तारांकित टीप असली तरी घाबरू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की टीप मुख्य दाव्याचा खुलासा करू शकते, त्याच्या विरोधात जाऊ शकत नाही.

बॅकअप अडवून ठेवण्याबद्दल मला खरोखर राग आहे. ते नमुने तुम्ही रेखाटले, मजकूर तुम्ही लिहिला, त्यावरचा कॉपीराइट तुमचा. कंपनीचं काही येणं बाकी असतं तर तिने निदान ताबा ठेवण्याच्या हक्काचा वाद घातला असता. इथे तीन वर्षांचे पैसे आगाऊ भरलेले आहेत. येणं शून्य. करार कायदा, १८७२ च्या कलम १७१ मध्ये जुन्या येण्यापोटी माल अडवून ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क मोजक्या व्यवसायांना दिला आहे, बँकर त्यात आहेत, होस्टिंगवाले नाहीत. दुसरा प्लॅन घेतल्याशिवाय तुमच्याच फाइली न देणं म्हणजे दबाव टाकून विक्री करणं, असंच मी ग्राहक आयोगापुढे मांडेन. आणि आयोग कलम ३८(८) खाली अंतरिम आदेश देऊ शकतो, म्हणजे निकालाची वाट न पाहता आधी बॅकअप देण्याचा आदेश मागता येतो.

तुम्ही ‘ग्राहक’ आहात का, यावर मात्र झटापट होईल. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा या कायद्याबाहेर आहे. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला सवलत आहे, पण २०१९ च्या कायद्यातल्या स्पष्टीकरणात ‘वस्तू’ एवढाच शब्द आहे. जुन्या कायद्यात ‘सेवा’ही स्पष्ट होती. समोरचे याच फटीत बोट घालतील. आपलं उत्तर असं, की व्यवहारामागचा मुख्य हेतू काय होता हे पाहायचं असतं, आणि एकट्या बाईने पोटापाण्यासाठी चालवलेली साइट म्हणजे नफ्यासाठी उभारलेला मोठा धंदा नव्हे. हाताखाली कुणी पगारी नाही, हे शपथपत्रात आवर्जून लिहा. एवढं करूनही आयोगाने ग्राहक मानलं नाही, तर दिवाणी न्यायालयाचा रस्ता उरतोच.

दावा जिल्हा आयोगात, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात लावता येतो. कंपनीचं कार्यालय कुठेही असो, कलम ३४ तशी मुभा देतं. शर्तींत लवादाचं (वाद कोर्टाऐवजी खाजगी पंचाकडे नेण्याचं) कलम आहे म्हणून दार बंद होत नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात हे पक्कं केलं. मुदत दोन वर्षं. एक खाचखळगा सांगते: ‘अन्याय्य करार’ म्हणून शर्तीच रद्द करून मागायच्या असतील तर ते अधिकार राज्य आयोगाला आहेत, जिल्ह्याला नाहीत. तुम्ही त्यात अडकू नका. सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा, एवढंच धरा.

पोलिसांत जाऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधली फसवणूक ठरायला, पैसे घेताना मुळातच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावं लागतं. चौदा महिने नीट सेवा दिली, तिथेच ती तक्रार लुळी पडते.

भरपाईचं सांगते. उरलेल्या बावीस महिन्यांचे पैसे परत मागा, तो आकडा निर्विवाद आहे. बुडालेली विक्रीही मागा, पण मोजून. मागच्या तीन नमुन्यांच्या पहिल्या आठवड्यांत किती प्रती गेल्या, त्याचे पेमेंट गेटवेचे उतारे जोडा. करार कायद्याचं कलम ७३ दूरान्वयाने झालेलं नुकसान देत नाही, आणि नुकसान कमी करायला तुमच्या हाती काय साधन होतं तेही पाहतं. याचा अर्थ असा की निकाल लागेपर्यंत दुकान बंद ठेवलंत तर त्या महिन्यांची भरपाई मिळणं कठीण. तुमच्या लॅपटॉपवर मूळ पीडीएफ आहेत. त्यांवरून याच आठवड्यात दुसरीकडे साइट उभी करा, या वेळी कॅशिंग लावून. डोमेन त्याच कंपनीकडे असलं तरी होस्टिंगचा वाद आणि डोमेन या वेगळ्या गोष्टी आहेत. डॉट कॉमसाठी तुम्ही ट्रान्सफरचा कोड मागितलात की रजिस्ट्रारने (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीने) तो पाच दिवसांत द्यायचा, असा आयकॅन या डोमेन नावांच्या जागतिक संस्थेचा नियम आहे.

आता आजच करायचं काम. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे त्यांनी ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. मजकूर साधाच ठेवा: ‘माझ्या खात्याने कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणती मर्यादा ओलांडली, तिचा आकडा किती, आणि तो आकडा मला खरेदीपूर्वी कुठे दाखवला होता, हे कळवा. फाइली, डेटाबेस आणि मेल यांचा पूर्ण बॅकअप सात दिवसांत द्या. त्या आठवड्याचे ॲक्सेस लॉग (साइटवर कोण, कधी आलं याच्या नोंदी) जपून ठेवा आणि त्यांची प्रत द्या.’ शेवटचं वाक्य गाळू नका. असे लॉग बऱ्याच ठिकाणी थोड्याच दिवसांत पुसले जातात.

त्या लॉगमध्ये दोन गोष्टी सापडू शकतात. एक, खरी गिऱ्हाइकं. मग तुमची बाजू सोपी. दुसरी, एक्सएमएल-आरपीसी (साइटशी बाहेरच्या प्रोग्रामनी बोलायची वाट) किंवा लॉगिनच्या पानावर एकाच आयपीवरून, म्हणजे एकाच इंटरनेट पत्त्यावरून, शेकडो धडका, म्हणजे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम). मग कंपनी म्हणेल की साइट सुरक्षित ठेवणं तुमचं काम होतं, आणि शर्तींप्रमाणे ते खरंही आहे. तरीसुद्धा एखादा आयपी अडवता आला असता, तुम्हाला एक मेल करता आला असता. ताकीद न देता खातं बंद का केलं, हा सवाल तेव्हाही शिल्लक राहतो.

तो स्क्रीनशॉट मूळ फाइलच्या रूपातच ठेवा, व्हॉट्सॲपवरून फिरवलेली प्रत नको. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागेल; त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलवरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) येतं आणि ते मूळ फाइलवरूनच काढलेलं हवं. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार दाखल करा. वकील नेमलाच पाहिजे असं नाही.