डिस्कलेस मशीनवर दोन लॅन कार्डांचं फेलओव्हर कसं लावायचं?

कोथरूडच्या लॅबमधली डिस्कलेस (स्वतःची डिस्क नसलेली) लिनक्स मशीन चालू झाल्यावर बाँडिंग (दोन लॅन कार्डं जोडून एक करणं, म्हणजे एक गेलं की दुसरं काम उचलतं) लावलं की गोठतात, असं तुम्ही लिहिलंय. गोठणारच. बाँडमध्ये घेताना कार्ड आधी डाऊन करावं लागतं, आणि एनएफएसवरची (नेटवर्कवरून फाइल्स देणाऱ्या सर्व्हरवरची) रूट, म्हणजे मशीनची मुख्य फाइल सिस्टीम, त्याच कार्डावरून येत असते. ते गेलं की पुढची कमांड वाचायची कुठून?

म्हणून रूट माउंट होण्याआधी, इनिटरॅमएफएसमध्येच (बूट होताना मेमरीत चढणाऱ्या छोट्या तात्पुरत्या फाइल सिस्टीममध्ये) बाँड बनवा. ड्रॅकट (इनिटरॅमएफएस बनवणारं साधन) असेल तर कर्नलच्या कमांड लाइनवर सगळं देता येतं: दोन्ही कार्डं, मोड अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप (एक कार्ड चालू, दुसरं राखीव), एमआयआयमॉन १०० (दर १०० मिलिसेकंदाला कार्डाची लिंक तपासणं), आणि डीएचसीपी (आयपी आपोआप देणारी सोय) थेट बाँडवर.

डीएचसीपी सर्व्हरवर मशीनच्या दोन्ही कार्डांच्या मॅक अ‍ॅड्रेसना एकच आयपी द्या. हे हमखास राहून जातं, मग दुसऱ्या कार्डावरून पीएक्सई (नेटवर्कवरून बूट) झालं की आयपी बदलतो. बायोसच्या बूट ऑर्डरमध्येही दुसरं कार्ड हवंच, कारण तोवर बाँड अस्तित्वातच नसतो.

एमआयआयमॉनला फक्त कार्डाची स्वतःची लिंक दिसते. स्विचच्या पुढची लाइन तुटली तरी तो गप्प बसतो. तशी भीती असेल तर त्याऐवजी एआरपी मॉनिटरिंग (ठरवलेलं मशीन नेटवर्कवर उत्तर देतंय का, ते विचारत राहणं) लावा, टार्गेट एनएफएस सर्व्हर. आणि कार्डं दोन वेगळ्या स्विचला, ते स्विच वेगळ्या यूपीएसवर. पुण्यात गुरुवारी वीज जाते तेव्हा हेच कामी येतं.