पीएच.डी. करताना विकिपीडिया वाचणं म्हणजे चोरी का?

प्रश्न : मी सोलापूर विद्यापीठात इतिहासात पीएच.डी. करते आहे. विषय आहे 1920 ते 1940 या काळातले सोलापूरचे गिरणी कामगार. कोर्सवर्क झालं, पहिलं प्रकरण लिहिते आहे. सकाळी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, त्यामुळे वाचायला रात्रच मिळते. नवा मुद्दा आला की आधी विकिपीडिया उघडते. मागच्या प्रगती अहवालाच्या बैठकीत समितीच्या एका सदस्यांनी माझा परिच्छेद वाचून सगळ्यांसमोर विचारलं, "हे विकिपीडियावरचं आहे का?" मी इंग्रजी लेख वाचून मराठीत माझ्या शब्दांत लिहिलं होतं. गाईड सरांनी बजावलं, की यापुढे त्या साइटचं नाव काढायचं नाही. तेव्हापासून लपून वाचते आणि अपराधी वाटतं. वडील यंत्रमागावर कामाला आहेत, घरात इतकं शिकणारी मी पहिलीच. माझा पायाच कच्चा आहे का? पीएच.डी. सोडून फक्त सेटच्या (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेच्या) मागे लागू का?
– एक संशोधक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : पीएच.डी. सोडू नका. बैठकीत जे झालं ते मनाला लागणारं होतं, पण त्यावरून तुमचा पाया कच्चा ठरत नाही. पहिल्या प्रकरणाच्या मसुद्यात अशा गोष्टी निघतातच, आणि त्या वेळीच निघाव्यात म्हणून तर प्रगती अहवालाच्या बैठका असतात.

विकिपीडिया वाचणं ही चोरी नाही. पीएच.डी. करणारी जवळजवळ सगळी मुलं तो वाचतात, प्राध्यापकही वाचतात. फक्त संदर्भयादीत त्याचं नाव सहसा नसतं, म्हणून कुणीच वाचत नाही असं वाटतं. अमेरिकेत नील थॉम्पसन आणि डग्लस हॅनली या संशोधकांनी एक प्रयोग केला होता. रसायनशास्त्रातल्या विषयांवर नवे लेख लिहून घेतले, निम्मे विकिपीडियावर टाकले आणि निम्मे बाजूला ठेवले. पुढे आलेल्या शोधनिबंधांची भाषा तपासली, तेव्हा टाकलेल्या लेखांची छाप त्यात उमटलेली दिसली. तेव्हा नवा विषय समजून घ्यायला, कोण माणसं होती, कुठल्या साली काय घडलं, पुढे काय शोधायचं हे कळायला तुम्ही रात्री अकरा वाजता विकिपीडिया उघडत असाल, तर बिनधास्त उघडा.

पण त्या सदस्यांचा प्रश्नही रास्त होता. 'इंग्रजी वाचून मराठीत माझ्या शब्दांत लिहिलं' हे तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला तीच वाटते, कारण मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्या कितीतरी मुलांचं पाऊल नेमकं इथेच घसरतं. शब्द तुमचे असले, तरी कुठली माहिती घ्यायची, कुठली गाळायची, आधी काय सांगायचं आणि त्यातून काय म्हणायचं हे सगळं दुसऱ्यानं ठरवलेलं होतं. भाषांतर केल्यानं मजकूर आपला होत नाही. चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठी भाषांतर कदाचित सापडणारही नाही, पण विषय जाणणाऱ्या माणसाला चार ओळींत कळतं. तुमच्या बैठकीत तेच झालं.

यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, वाङ्मयचौर्याबाबतचे 2018 चे नियम एकदा स्वतः वाचा. प्रबंधाचं दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. 10 ते 40 टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध दुरुस्त करून द्यावा लागतो, 40 ते 60 टक्क्यांना वर्षभर सादर करता येत नाही आणि 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. मात्र हे आकडे म्हणजे सवलत समजू नका. नऊ टक्के चोरी ही चोरीच. आणखी एक गैरसमज मुलांमध्ये फार आहे. विकिपीडियाचा मजकूर मुक्त परवान्याखाली आहे म्हणजे कुणीही उचलावा, असं त्यांना वाटतं. परवाना मजकूर पुन्हा वापरायची मुभा देतो, तीही श्रेय देण्याच्या अटीवर. तो मजकूर माझा म्हणून परीक्षकापुढे ठेवायची मुभा तो देत नाही.

मग विकिपीडिया वापरायचा कसा? तुमच्याच काळातलं उदाहरण घेते. मे 1930 मधलं सोलापूर तुमच्या प्रबंधात येणारच. गांधीजींना अटक झाल्यावर शहर पेटलं, 12 मे रोजी मार्शल लॉ जाहीर झाला आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली, हे सोलापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण त्या मे महिन्यात 'सोलापूर इतके दिवस स्वतंत्र होतं' हे वाक्य पाहा. कुठे तीन दिवस म्हटलेलं असतं, कुठे चार. अशा वाक्याशी आलात की हात थांबवा. वाक्याच्या शेवटी बारीक आकडा आहे का ते बघा. असेल तर तळटीप उघडा. ती पाच-दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या बातमीकडे नेते असं समजा. ती बातमी पूर्ण वाचा. बातमीनं आधार काय दिलाय? बऱ्याचदा काहीच नसतो. मग लेखाच्या वरच्या 'इतिहास' या टॅबवर जा आणि ते वाक्य लेखात पहिल्यांदा कधी आलं ते शोधा. वाक्य बातमीच्या आधीपासून लेखात असेल, तर बातमीदारानंच ते विकिपीडियावरून घेतलेलं असू शकतं. म्हणजे पुरावा गोल फिरून आपल्याच दाराशी आला. शेजारच्या 'चर्चा' या टॅबवर त्या वाक्यावरून कुणी वाद घातलाय का, हेही बघून घ्या.

असं खरंच घडतं. 2008 मध्ये एका अमेरिकी विद्यार्थ्यानं कोआटी नावाच्या प्राण्याच्या इंग्रजी लेखात गमतीनं एक बनावट टोपणनाव घातलं. ते वृत्तपत्रांत छापून आलं, एका नामांकित विद्यापीठाच्या प्रकाशनाच्या पुस्तकातही शिरलं, आणि मग तेच छापील मजकूर विकिपीडियावर त्या नावाचा आधार म्हणून दाखवले गेले. सगळा प्रकार उघड व्हायला 2014 उजाडलं. तुमच्या प्रबंधातला 'तीन दिवसां'चा आकडा उद्या कुणी तुमच्या नावानं उद्धृत करेल, म्हणून हा खटाटोप.

विकिपीडियावर काहीच भरवशाचं नसतं असंही म्हणू नका. 'नेचर' या विज्ञान नियतकालिकानं 2005 मध्ये विज्ञानातल्या 42 नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या, तेव्हा विकिपीडियात नोंदीमागे सरासरी चार चुका निघाल्या आणि ब्रिटानिका या छापील परंपरेच्या इंग्रजी विश्वकोशात तीन. ब्रिटानिकानं त्या तपासणीवर जोरदार आक्षेप घेतला होता, हेही खरं. पण ते विज्ञानातले गाजते विषय होते, त्यांवर हजारो डोळे असतात. सोलापूरच्या गिरण्या, चाळी, संप यांवरच्या लेखांना तेवढे डोळे लाभत नाहीत, मराठी लेखांना तर आणखी कमी. जितका विषय आपल्या गावचा, तितकी पडताळणी जास्त करायची.

विश्वकोश वापरायचाच असेल तर लेखकाचं नाव असलेला वापरा, असं मी आग्रहानं सांगते. मराठीला याची मोठी परंपरा आहे. तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश उभा करणारे श्रीधर व्यंकटेश केतकर स्वतः अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे पीएच.डी. होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईला सुरू झालेला मराठी विश्वकोश आज इंटरनेटवर फुकट वाचता येतो. त्याच्या नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, बहुतेक ठिकाणी संदर्भही असतात. अशी नोंद लेखकाच्या नावानिशी उद्धृत करता येते. फक्त ती कधी लिहिली गेली ते बघा, काही नोंदींना चाळीस वर्षं होऊन गेली आहेत. आणि चॅटबॉटला विचारून संदर्भ मिळवायचा मोह आवरा. तो नसलेल्या पुस्तकांची नावंही ठामपणे देतो, आणि तिथे मागे जाऊन पाहायला 'इतिहास' टॅबसुद्धा नसतो.

तुमचं खरं काम मूळ कागदांत आहे, आणि तुमच्या विषयाला ते भरपूर आहेत. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं 1920 च्या दशकात सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली होती. त्याच कचेरीचं 'लेबर गॅझेट' दर महिन्याला निघत असे. 1929 मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरच्या साक्षीपुराव्यांत मुंबई इलाख्याचा स्वतंत्र भाग आहे. आधीचं शहर समजून घ्यायला 1884 चं सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटिअर आहे. यातलं बरंच स्कॅन होऊन ऑनलाइन आलंय. शोधताना मात्र जुनं इंग्रजी 'शोलापूर' हे स्पेलिंगही टाका, नाहीतर निम्मे कागद समोर येणारच नाहीत. तुमच्या विषयाच्या जवळचे प्रबंध शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात बघा. महागडी नियतकालिकं वाचण्यासाठी 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली आहे, सरकारी विद्यापीठांना तिचा लाभ आहे. लॉगिन कसं मिळतं ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा. हिराचंद नेमचंद वाचनालयात जुनं काय काय जपलंय तेही एक दिवस बसून बघा. आणि गृहखात्याच्या फायलींसाठी मुंबईच्या पुराभिलेखागाराला पर्याय नाही. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरलीत तर सकाळी सीएसएमटी, आणि तिथून पुराभिलेखागार जिथे आहे ती एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत चालत जाण्यासारखी आहे. आधी विद्यापीठाचं ओळखपत्र आणि गाईडचं पत्र तयार ठेवा.

आणि एक गोष्ट तुमच्यापाशी आहे जी कुठल्याच ग्रंथालयात नाही. वडील मागावर आहेत. त्यांच्या ओळखीतून जुन्या गिरणीत काम केलेल्या घरांपर्यंत तुम्ही पोहोचू शकता. तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरांत अजून पत्रं, पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनच्या पावत्या ट्रंकेत पडून असतील. 'घरात पहिलीच शिकणारी' हे तुम्ही कमीपणानं लिहिलंत. तुमच्या विषयात ती जमेची बाजू आहे.

आता गाईड सरांचं. त्यांच्यापासून लपवू नका. ते चिडले ते समितीसमोर त्यांच्या विद्यार्थिनीवर प्रश्न आला म्हणून, हे समजून घ्या. एक वही घाला. डाव्या पानावर विकिपीडियावर काय वाचलं, कुठल्या तारखेला, ते लिहा आणि त्या आवृत्तीचा कायमचा दुवा जपून ठेवा, कारण लेख उद्या बदललेला असेल. उजव्या पानावर मूळ कागद कुठला पाहिला, पान नंबर किती, आणि दोन्हींत फरक काय निघाला ते लिहा. उजवं पान कोरं असेल तर ते वाक्य प्रबंधात जाणार नाही, एवढा नियम स्वतःला घाला. ही वही घेऊन सरांकडे जा आणि सांगा, "सर, सुरुवात तिथून करते, पण लिहिते यावरून." उजवी पानं भरलेली पाहून कुठल्याही गाईडला विद्यार्थिनीबद्दल विश्वास वाटेल.

सेटबद्दल. सेट आणि पीएच.डी. यांत निवड करायची गरजच नाही. 2023 पासून सहायक प्राध्यापकाच्या पदासाठी नेट किंवा सेट हा किमान निकष आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक झाली आहे. त्यामुळे सेटची तयारी जरूर करा, येणारी परीक्षा चुकवू नका. पण सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएच.डी. लागते, आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं अडकायचं नसेल तर हातात दोन्ही असणं बरं. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला नोंदणीपासून साधारण सहा वर्षं मिळतात, स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. परीक्षेच्या आधीचे तीन महिने सेटला द्या, बाकीच्या रात्री प्रबंधाला. पडताळणीचं हे काम हातात बसलं की प्राध्यापकीबाहेरही दारं आहेत. पुराभिलेख, प्रकाशनसंस्थांचं संपादन, वृत्तसंस्थांमधलं तथ्यतपासणीचं काम, सगळीकडे हेच कौशल्य लागतं.

पुढच्या बैठकीला तोच परिच्छेद पुन्हा लिहून न्या. या वेळी विकिपीडियाचा लेख बंद ठेवून, फक्त वहीच्या उजव्या पानांवरून लिहा. खाली तीन मूळ आधार द्या आणि मागच्या वेळी ज्यांनी प्रश्न विचारला, त्या सदस्यांनाच तो आधी वाचायला द्या.